मालीश करताना पेशंट एकदम गोठून गेली. माझं कुठं चुकलं? सल्ला हवा

वेणाकाठची
नमस्कार मंडळी. हिंगणघाटच्या अलीकडे एका मोठ्या गावात बसस्टँडमागे माझी मालीशची एक खोली आहे. पंचकर्म सहायकाचा कोर्स केला, चार वर्षं एका दवाखान्यात काढली, आता दोन वर्षांपासून स्वतःचं. पेशंट म्हणजे जवळपास सगळ्या बाया. कापूस वेचून कंबर गेलेल्या, निंदण करून गुडघे गेलेल्या. फवारणीचा पंप वाहून खांदा धरलेले पुरुषही येतात, त्यांचं माझा भाऊ पाहतो.

मागे एक ताई आली. (ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून लिहिते.) घरधनी दोन वर्षांपूर्वी गेला, कसा गेला ते आपल्या भागात वेगळं सांगायला नको. तेव्हापासून मान, पाठ, कंबर, कधी डोकं. एमआरआयपर्यंत सगळं झालं, 'वयाप्रमाणे झीज' सांगून गोळ्या दिल्या. पहिल्या दोन सिटिंग बऱ्या गेल्या. तिसऱ्या वेळी ती पालथी झोपली होती, मी मानेच्या मुळाशी अंगठा लावला आणि तिचा श्वासच थांबला. अंग लाकडासारखं. चादर मुठीत घट्ट. मला वाटलं गाठ आहे, सुटते आहे, म्हणून मी दाबत राहिले. मग तिला थरथर सुटली. उठली, पदर नीट केला, दोनशे रुपये टेबलावर ठेवले आणि एक शब्द न बोलता गेली. परत आली नाही.

कोर्समध्ये स्नायू शिकवले, तेलं शिकवली, मर्मं शिकवली. हे कोणी शिकवलं नाही. अशा वेळी हात काढायचा की ठेवायचा? आणि ज्याचं दुखणं रिपोर्टमध्ये दिसतच नाही त्याला आपण नेमकं काय देऊ शकतो?

चोळणारे काका
तीस वर्सं झाले मले या कामात. रडू आलं त आलं, त्यात भ्यायचं काय? आतलं बाहेर निघते, माणूस हलका होते. मी त हात कधी थांबवला नाही. तू लय मनाला लावून घेऊन रायली.

झाडीचा फिजिओ
काका, तुमच्या हाताला मान आहे, पण इथे पटत नाही. रडणं वेगळं आणि गोठणं वेगळं. पेशंट रडते आहे, श्वास चालू आहे, 'थांबू का?' विचारलं तर 'राहू दे' असं उत्तर येतं, तर काही बिघडलं नाही. पण अंग ताठ, श्वास वरवरचा किंवा बंद, नजर एका जागी, हातपाय गार, विचारलेल्याला उत्तर नाही, तर आत काही सुटत नसतं. शरीर स्वतःला वाचवायला बंद होत असतं. तेव्हा दाबत राहिलं की त्याला एवढंच कळतं, इथेही आपलं कोणी ऐकत नाही.

अशा वेळी दाब काढायचा, पण झटक्यात नाही. आधी सांगायचं, 'ताई, मी हात काढते आहे.' मग साध्या आवाजात आपण कोण, ही खोली कोणती, बाहेर एसटीचा भोंगा वाजतो आहे. डोळे उघडायला लावायचे, बसवायचं, पाय जमिनीला टेकवायचे, पाणी द्यायचं. 'काय झालं होतं' हे विचारायचं नाही. तिने आपण होऊन सांगितलं तर ऐकायचं, खोदायचं नाही. आपण समुपदेशक नाही, जखम उघडून बसलो तर बांधायची कशी ते आपल्याला येत नाही.

आता दुसरा प्रश्न. तीन महिन्यांच्या वर टिकलेलं किंवा पुन्हा पुन्हा येणारं दुखणं म्हणजे जुनाट दुखणं. अशा वेळी मूळ इजा भरून आलेली असली तरी नसा आणि मेंदू जास्तीच्या पहाऱ्यावर राहतात. आपल्याकडे तुरीच्या राखणीला जागलीवर जातात ना, तसं. पंधरा रात्री रानडुकरं आली की सोळाव्या रात्री पान हललं तरी माणूस टॉर्च घेऊन उठतो. पीक घरी आलं तरी त्याची झोप तशीच राहते. धसका बसलेल्या माणसाचं शरीर जागलीवरच असतं, त्यामुळे साधा स्पर्शही त्याला डुकरासारखा वाटू शकतो. दुखणं खोटं नसतं. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने 2020 मध्ये दुखण्याची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत हेही लिहिलं की माणूस दुखतं म्हणतो त्याचा मान ठेवावा.

म्हणून मालीशचं काम गाठ फोडणं नाही. जागल्याला थोडा वेळ झोप लागेल एवढा भरवसा देणं, हे काम. जोर कमी, लय एकसारखी, आणि कमी वेळ. चाळीस मिनिटांऐवजी पंधरा.

रातकिडा
जागलीचं उदाहरण म्हणजे एकदम आमचंच. रोही म्हणजे नीलगायी, त्या राहिल्या सांगायच्या.

पऱ्हाटी
मी पेशंटच्या बाजूने लिहिते. नाव-गाव विचारू नका.

सहा वर्षं मार खाल्ला, त्यातला बराचसा मागून. सुटून आता आठ वर्षं झाली, पण पाठ अजून दुखते. पालथं झोपवलं की दार दिसत नाही, आणि दार दिसलं नाही की मला काहीच ऐकू येत नाही. एका दवाखान्यात तर मालीश करणाऱ्याच्या तोंडाला खर्ऱ्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा, वास आला आणि माझ्या पोटात गोळा उठला, उठून चालू लागले. त्याची काही चूक नव्हती. त्याने नुसतं 'ताई, मान सैल सोडा' म्हटलं होतं. तेच तर येत नाही ना मला.

आता ज्या ताईकडे जाते तिने पहिल्या दिवशी तेलाच्या बाटलीला हातच लावला नाही. दाराची कडी आतून लावायची की नुसतं लोटून ठेवायचं, हे मला ठरवू दिलं. ब्लाउज काढायला सांगितलं नाही, कपड्यावरूनच करू म्हणाली. बसून, कुशीवर की उताणं, तेही मीच सांगायचं. हात हलवायच्या आधी सांगते, 'आता डाव्या खांद्यावर येते आहे.' एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना एक हात अंगावरच ठेवते, म्हणजे ती कुठे आहे ते मला कळतं. आणि मी तर्जनी वर केली की थांबते, का म्हणून विचारत नाही. पहिल्या तीन वेळा मी मुद्दाम उगाच बोट वर करून पाहिलं. थांबते की नाही ते.

चोळणारे काका
खर्ऱ्याचं मनाले लागलं बाप्पा. कामावर असताना नाही खाणार, लिहून ठेवा.
पण एक सांगा. आपल्या इकडच्या बाया 'नको' म्हणतच नाहीत. विचारलं की म्हणतात, 'तुमाले समजते तसं करा.' मग काय करावं माणसानं?

पऱ्हाटी
काका, 'चालेल का?' विचारलं तर 'चालेल'च येणार. आयुष्यभर तेच शिकलो. दोन गोष्टी समोर ठेवून विचारा. तेल कोमट की साधं? पंखा राहू देऊ की बंद? आधी पाय की आधी हात? पंख्याबद्दल बोलायची सवय झाली की पाठीबद्दलही तोंड उघडतं. आणि नुसतं 'हूं' आलं तर त्याला होकार समजू नका.

कुरखेडकर
गडचिरोलीकडून एक गोष्ट. आमच्या घरी सिकलसेल आहे, म्हणजे रक्ताचा जन्मजात आजार, धाकट्या भावाला. आपल्या विदर्भाच्या पूर्व पट्ट्यात हा आजार पुष्कळ, तरी मालीश करणारे विचारत नाहीत. दुखण्याची लहर आली की आई त्याचे पाय जोरात चोळायची, तो ओरडायचा. लहर चालू असताना जोरात चोळायचं नाही, बर्फ लावायचा नाही, थंडीत उघडं ठेवायचं नाही. पाणी भरपूर, ऊब, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं औषध. ताप आला, छातीत दुखलं किंवा दम लागला तर थेट दवाखाना. एरवी बरा असताना हलक्या हाताने चोळलेलं त्याला आवडतं, पण किती ते तोच सांगतो. लहानपणापासून इतक्या सुया खाल्ल्या की पांढरा कोट दिसला तरी आखडतो. धसका फक्त मारझोडीचाच असतो असं नाही.

झाडीचा फिजिओ
कुरखेडकरांनी बरी आठवण दिली. पहिल्या भेटीत चार प्रश्न विचारल्याशिवाय हात लावू नका. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर चोळायचं नाही, रक्ताची गुठळी असू शकते. लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना. रात्री झोपमोड करणारं दुखणं आणि वजन उतरणं, तपासणी आधी. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जोर नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडे काही गावांत पाण्यात फ्लोराइड आहे, तिथे हाडंच आखडलेली असतात, ती ओढून सरळ होत नाहीत.

आणि कृपा करून 'मणक्यात गॅप आली', 'गादी सरकली', 'नस दबली' हे बोलणं बंद करा. काही दुखत नसलेल्या पन्नाशीतल्या माणसांचा एमआरआय काढला तरी अर्ध्याहून जास्त जणांत झीज दिसते. तुम्ही 'गॅप' म्हणता आणि ती बाई सहा महिने वाकत नाही, पाण्याची गुंडी उचलत नाही, मग कंबर खरंच जाते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शन काढलं. त्यात व्यायाम, माहिती देणं, मानसिक उपचार यांच्यासोबत मालीशही आहे. कमरेचा पट्टा मात्र नको असं सांगितलं आहे, आणि आपल्याकडे प्रत्येक खुंटीला एक लटकलेला असतो! मालीशचा आराम बहुतेक वेळा थोड्या दिवसांचा. त्या दिवसांत पेशंटला चालायला, हळूहळू वाकायला लावलं तर त्याचा उपयोग. नाहीतर दर आठवड्याला दोनशे रुपये आणि दुखणं जिथल्या तिथे.

आशाताई
मी आर्वीकडे आशा म्हणून काम करते. पुढे कुठे पाठवायचं त्याबद्दल. 'मनाच्या डॉक्टरकडे जा' असं तिसऱ्या भेटीत म्हटलं की बाईला वाटते, हिनं मला पागल ठरवलं, आता नागपूरच्या पागलखान्यात पाठवते. असं बोला: 'माझ्या हातानं जेवढं होते तेवढं मी करते. झोप येत नाही, जीव घाबरतो, त्याच्यासाठी बोलायला वेगळी माणसं असतात.' टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारची फोनसेवा, नंबर 14416, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. कागदावर लिहून दिला तर कागद चुलीत जाते. तिची इच्छा असेल तर तुमच्याच खोलीतून लावून द्या आणि तुम्ही बाहेर थांबा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. मारझोड चालू असेल तर बायांसाठीची हेल्पलाइन, 181.

जगावंसं वाटत नाही असं काही निघालं तर सरळ विचारा, मरणाचे विचार येतात का. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. त्या वेळी एकटं सोडायचं नाही. घरातल्या भरवशाच्या माणसाला सांगून फवारणीचं औषध कुलपात ठेवायला लावा. आपल्याकडे ते खाटेखालीच असते.

सासू किंवा जाऊ सोबत आली तर बाईसोबत दोन मिनिटं एकटं बोलायची सोय करा. आणि तुमच्या खोलीतली गोष्ट पिठाच्या गिरणीवर ऐकू आली तर पुन्हा कोणी येणार नाही.

वेणाकाठची
सगळ्यांचे आभार. तिच्या घरी जाऊ का, असं विचारणार होते. पण आशाताईंचं वाचून कळलं की मालीशवाली दारात दिसली की आजूबाजूच्या बाया शंभर प्रश्न विचारतील. फोन केला. 'ताई, त्या दिवशी तुम्हाला त्रास होत होता आणि मी थांबले नाही, माझं चुकलं' एवढंच बोलले. ती म्हणाली, 'मला वाटलं तुम्ही रागावल्या असाल.' मला काय बोलावं ते सुचेना.

काल आली होती. मानेला हात नको म्हणाली. मग पंधरा मिनिटं फक्त तळपाय आणि पोटऱ्या, साडीवरूनच, दार लोटून. मध्ये एकदा तिने पाय ओढून घेतला, मी थांबले, मग तिनेच पुन्हा पुढे केला. जाताना चपला घालता घालता म्हणाली, मंगळवारी पाठ पाहू.

आता अडचण अशी की पालथं झोपायला ती तयार नाही आणि माझ्याकडे मालीशची खास खुर्ची नाही. बसवून पाठ कशी करता?

चोळणारे काका
खुर्ची कायले पाह्यजे. साधी प्लॅस्टिकची घे, बिनहाताची. तिले उलटी बसव, पाठ टेकायच्या बाजूले छाती येते तशी. साडीत तसं बसता येत नसन त एका बाजूनं बसव. मध्ये उशी दे, हात उशीवर. तू मागून नको येऊ, बाजूनं येजो, म्हणजे तू दिसत राहशीन. आणि खुर्चीचं तोंड दाराकडे ठेवजो.