आईसोबत दोन आठवड्यांचा प्रवास: आखणी आणि सामानाबाबत सल्ला हवा आहे

निशिगंध

नमस्कार. पुढच्या महिन्यात आई आणि मी साधारण दोन आठवड्यांच्या परदेश प्रवासाला निघत आहोत. लांब पल्ल्याचे विमान, वाटेत एका ठिकाणी विमान बदलणे आणि तिथे पोहोचल्यावर रेल्वेने तीन शहरे पाहणे, असा बेत आहे. पहिली दोन शहरे उबदार आहेत; तिसरे डोंगराळ भागात असल्यामुळे तिथे रात्री चांगलाच गारठा असतो. आईचे वय ६८ आहे. तिची प्रकृती उत्तम आहे, परंतु रक्तदाबाची गोळी रोज चालू असते आणि फार वेळ बसून राहिल्यास तिचे पाय सुजतात. आम्हा दोघींपैकी जड सामान उचलू शकणारी मी एकटीच आहे. विमान कंपनी प्रत्येकी २३ किलो सामान नेऊ देते, म्हणून दोन मोठ्या बॅगा भरायचे ठरवले होते, मात्र रेल्वे स्थानकांवरील जिन्यांचा विचार केल्यावर तो निर्णय योग्य वाटेनासा झाला आहे. तिकिटे आणि मुक्कामाची ठिकाणे अजून निश्चित केलेली नाहीत. आधी काय ठरवावे आणि सामान किती व कसे घ्यावे, याबाबत अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

पाऊलखुणा

तुमची शंका अगदी रास्त आहे. विमानात किती वजन चालते यावरून बॅग ठरवू नये. जिथे कोणाचीही मदत मिळणार नाही अशा जिन्यावर ती उचलता येईल का, यावरून ठरवावी. निघण्याच्या आठवडाभर आधी सगळे सामान भरून पाहावे आणि ती बॅग घेऊन दोन मजले न थांबता चढून पाहावे. दम लागला, तर सामान कमी करायला वेळ हाताशी असतो. तुमच्या बाबतीत तुमच्याकडे एक मध्यम आकाराची चाकांची बॅग, आईंकडे एक छोटी चाकांची बॅग आणि दोघींकडे खांद्याला लावायची एकेक पिशवी, एवढ्यावर भागायला हवे.

आखणीत सर्वांत आधी पासपोर्ट तपासावा. अनेक देशांत प्रवेशासाठी त्याची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी लागते, आणि ही गोष्ट तिकिटे काढून झाल्यावर लक्षात आली तर फार धावपळ होते. त्यानंतर विमानाचे तिकीट. दोन्ही टप्पे एकाच आरक्षणात असावेत, असे मी आग्रहाने सांगेन. तसे असेल तर पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरे चुकल्यास पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीवर येते. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगवेगळी तिकिटे काढली, तर दुसरे तिकीट सहसा वाया जाते आणि सामानही मध्येच उतरवून पुन्हा द्यावे लागते. आई बरोबर असताना विमान बदलण्यासाठी तीन तासांचे अंतर मला योग्य वाटते. विमानतळावर चाकाची खुर्ची हवी असल्यास तशी नोंद तिकीट काढतानाच किंवा किमान ४८ तास आधी करावी. प्रकृती चांगली असली तरी ती मागण्यात संकोच करू नये, कारण मोठ्या विमानतळांवर चालण्याचे अंतर खरोखरच फार असते.

मुक्कामाची जागा निवडताना लिफ्ट आहे का, हे स्वतः विचारून घ्यावे. पोहोचण्याच्या दिवशी काहीही पाहायचे ठरवू नये.

कापूसकोंडा

कपड्यांबद्दल लिहितो. गारठ्यासाठी एक जाड कोट नेण्यापेक्षा तीन थर न्यावेत: अंगालगत पातळ लोकरीचा किंवा लवकर वाळणारा कपडा, त्यावर ऊब धरणारे जाकीट, आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे हलके जर्किन. उबदार शहरांत यातला पहिला थर एकटाच पुरतो. सुती कपडा घाम आणि पाणी धरून ठेवतो व थंड हवेत सावकाश वाळतो, म्हणून डोंगराळ मुक्कामासाठी तो अंगालगत नसावा, जीन्सचेही तेच. चार-पाच दिवस पुरतील एवढेच कपडे घेऊन मुक्कामात धुवावेत. धुतलेला कपडा पिळल्यावर कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला, तर टॉवेल बरेचसे पाणी शोषून घेतो आणि पातळ कपडा बहुधा रातोरात वाळतो.

हवा काढून कपडे दाबणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांनी जागा वाचते, वजन नाही. रिकाम्या दिसणाऱ्या जागेत आपण आणखी कपडे भरतो आणि बॅग आधीपेक्षा जड होते.

बॅग भरताना बूट, चार्जर यांसारख्या जड वस्तू चाकांच्या बाजूला ठेवाव्यात, म्हणजे उभी बॅग कोलमडत नाही. पाठीवरच्या पिशवीत मात्र जड वस्तू पाठीला चिकटून, मध्यभागी असाव्यात. आणखी एक महत्त्वाची गोष्ट: आईंचे दोन जोड तुमच्या बॅगेत आणि तुमचे दोन जोड त्यांच्या बॅगेत ठेवा. एक बॅग उशिरा आली, तरी दोघींची सोय होते. बॅग आली नाही किंवा फुटून आली, तर विमानतळ सोडण्यापूर्वीच कंपनीच्या सामान-कक्षात लेखी नोंद करून तिचा क्रमांक घ्यावा. १९९९ च्या माँट्रियल कराराप्रमाणे नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते. बॅग देण्यापूर्वी ती बंद आणि उघडी अशी दोन छायाचित्रे काढून ठेवल्यास तक्रारीत फार उपयोग होतो.

संथवाहिनी

औषधे पूर्णपणे हातातल्या पिशवीत ठेवावीत, मूळ वेष्टनात आणि चार-पाच दिवस जास्तीची. सोबतच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, कारण व्यापारी नाव देशागणिक बदलते. हातातल्या सामानातील द्रव पदार्थांसाठी बहुतेक ठिकाणी १०० मिलिलिटरची मर्यादा असते आणि ती बाटलीच्या क्षमतेला लागू होते. २०० मिलिलिटरच्या बाटलीत तळाशी थोडेसे तेल उरले असले, तरी ती काढून घेतली जाऊ शकते.

पॉवर बँक चेक-इन सामानात ठेवता येत नाही. हातातल्या सामानात १०० वॅट-अवरपर्यंतची सहसा चालते. पॉवर बँकेवर छापलेल्या एमएएचच्या (mAh, बॅटरीची क्षमता) आकड्याला ३.७ ने गुणून १००० ने भागले की वॅट-अवर मिळतात, म्हणजे २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-अवरची होते. काही कंपन्यांनी उड्डाणात ती वापरण्यासही मनाई केली आहे, म्हणून फोन आधीच चार्ज करून ठेवावा.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. एकाच आरक्षणाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आईच्या पायांच्या सुजेसाठी आणि गोळीच्या वेळेसाठी काय करावे?

संथवाहिनी

चार तासांहून अधिक काळ एकाच जागी बसून राहिल्यास पायांतील शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे सूज किरकोळ मानू नये. आईंसाठी मार्गिकेलगतची जागा आधीच निवडावी, म्हणजे कोणाला न उठवता त्यांना तासा-दीड तासाने उठता येईल. बसल्या जागी टाचा टेकवून चवडे उचलणे आणि मग चवडे टेकवून टाचा उचलणे, हे अधूनमधून करत राहावे. त्याने पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. समोरच्या आसनाखाली पिशवी ठेवू नये, पाय पसरायची जागा तेवढीच असते. पादत्राणे पट्टा सैल करता येईल अशी असावीत. दाब देणारे गुडघ्यापर्यंतचे मोजे उपयोगी पडतात, परंतु पायांच्या रक्तप्रवाहाचा विकार असल्यास ते अपायकारक ठरू शकतात, म्हणून मोजे घेण्यापूर्वी आईंच्या डॉक्टरांना विचारावे. एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त सुजला, दुखू लागला किंवा धाप लागली, तर मात्र वाट न पाहता वैद्यकीय मदत घ्यावी.

गोळीची वेळही त्याच भेटीत विचारून, निघण्याचा दिवस, विमानातला वेळ आणि पोहोचल्यानंतरचे पहिले दोन दिवस यांच्या नेमक्या वेळा कागदावर लिहून घ्याव्यात. तो कागद गोळ्यांच्या डबीतच ठेवावा.