मदत हवी आहे: दुबईतील वितरकाने आमच्या मसाल्याचे नाव स्वतःच्या नावावर नोंदवायला टाकले आहे, ट्रेडमार्कसाठी माद्रिदमार्गे जावे की थेट अर्ज करावा?

नमस्कार मंडळी,

कुडाळजवळ आमच्या घरचा मालवणी मसाल्याचा व्यवसाय आहे. आईने डंकावर दोन-दोन किलो मसाला कुटून आणून तो सुरू केला. २०१६ साली आम्ही लेबलासाठी भारतात वर्ग ३० मध्ये (मसाले ज्यात येतात तो मालाचा गट) ट्रेडमार्कचा अर्ज केला, त्याची रीतसर नोंदणी झाली, आणि २०२१ पासून दुबईतील एका वितरकामार्फत आमचा माल संयुक्त अरब अमिरातीत जातो. ब्रँडचे आणि वितरकाचे नाव येथे देत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेले नाही.

गेल्या महिन्यात बर दुबईत राहणाऱ्या मावसबहिणीने आमच्या पाकिटाचा फोटो पाठवला. चित्र आमचेच होते, उखळ आणि शेजारी सुक्या मिरच्यांची परडी. पण आमचे देवनागरी नाव काढून तेथे इंग्रजी आणि अरबी अक्षरे आली होती, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जादा होता, आणि खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘टीएम’ लिहून पुढे वितरकाच्या कंपनीचे नाव छापलेले होते. मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, ‘‘इथे नोंदणी नसली तर मोठी दुकानं माल ठेवत नाहीत, म्हणून मीच अर्ज केलाय, तुमच्याच भल्यासाठी.’’ आमच्यात स्टँपपेपरवर दोन पानी करार आहे. त्यात दर, उधारीची मुदत, खराब मालाची भरपाई हे सगळे आहे. ट्रेडमार्क कोणाचा, याबद्दल एक ओळही नाही. ही चूक माझी आहे आणि ती मला फार लागली आहे.

भारतातील नोंदणी भारतापुरतीच असते, हे आता पक्के कळले. त्यानंतर मी जमेल तेवढे वाचले. भारत ८ जुलै २०१३ पासून माद्रिद प्रोटोकॉलमध्ये (एका अर्जातून अनेक देशांत ट्रेडमार्क मागण्याचा आंतरराष्ट्रीय करार) आहे आणि अमिराती डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे आपल्याच ट्रेडमार्क कार्यालयामार्फत जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एक अर्ज करून अमिरातीचे नाव त्यात घालता येते. मूळ शुल्क काळ्या-पांढऱ्या चिन्हाला ६५३ आणि रंगीत चिन्हाला ९०३ स्विस फ्रँक आहे. देशाचे शुल्क वेगळे.

माझी खरी अडचण पुढे आहे. आंतरराष्ट्रीय अर्जातील चिन्ह भारतातील मूळ चिन्हाशी तंतोतंत जुळावे लागते. आमची नोंदणी आहे रंगीत देवनागरी लेबलाची, आणि दुबईच्या बाजारात ओळख झाली आहे ती इंग्रजी-अरबी नावाची. इंग्रजी नाव हवे असेल तर आधी भारतात त्या नावाचा नवा अर्ज करून तो पायाला घ्यावा लागेल. अशा नव्या अर्जावर येथे हरकत आली आणि तो फेटाळला गेला, तर आंतरराष्ट्रीय नोंदणीही कोसळते, कारण पहिली पाच वर्षे ती मूळ चिन्हावर अवलंबून असते. (ही पाच वर्षे आंतरराष्ट्रीय नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, भारतातील चिन्ह जुने आहे म्हणून सूट मिळत नाही. माझा येथे बराच काळ गैरसमज होता.) तीन महिन्यांत अशा कोसळलेल्या नोंदणीचे त्या देशातील थेट अर्जात रूपांतर करता येते, पण तो खर्च वेगळाच.

थेट अर्ज केला तर हे परावलंबित्व राहत नाही. मात्र तेथील एजंट लागतो आणि मुखत्यारपत्रावर नोटरीपासून परराष्ट्र मंत्रालय व अमिरातीच्या दूतावासापर्यंत शिक्के घ्यावे लागतात. सध्या एकाच देशाचा प्रश्न असल्यामुळे माझा कल थेट अर्जाकडे आहे. पण पुढे ओमान आणि बहरीन येथेही माल पाठवायचा आहे, आणि ते दोन्ही देश माद्रिदमध्ये आहेत, त्यामुळे मन दोन्हीकडे ओढले जाते.

वितरकाचा अर्ज आधीचा असल्यामुळे सहा महिन्यांच्या अग्रक्रमाचा (एका देशातील पहिल्या अर्जाची तारीख दुसऱ्या देशातही धरून मिळण्याची सवलत) मला उपयोग नाही, असे मी समजतो. ट्रेडमार्कसंबंधीच्या पॅरिस या आंतरराष्ट्रीय करारातील ‘६ सेप्टिस’ नावाचे कलम मात्र नेमके अशाच प्रसंगासाठी आहे: मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या एजंटाने किंवा प्रतिनिधीने स्वतःच्या नावावर नोंदणी मागितली, तर मालक विरोध करू शकतो. अमिरातीत अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत हरकत घ्यावी लागते. माझ्याकडे २०२१ पासूनची बिले, शिपिंग बिले आणि वितरकाचा एक ईमेल आहे, ज्यात त्यांनीच ‘‘तुमचा ब्रँड इथे चांगला चालेल’’ असे लिहिले आहे. केवळ माल विकत घेऊन पुढे विकणारा वितरक या कलमातील ‘प्रतिनिधी’ ठरतो का, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

दुसरे, लेबलावरील चित्र. अमिराती आणि भारत दोघेही बर्न करारात (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) असल्यामुळे त्या चित्राच्या कॉपीराइटला तेथे वेगळी नोंदणी न करताही संरक्षण आहे. पण चित्र सावंतवाडीच्या एका कलाकाराकडून पैसे देऊन काढून घेतले होते आणि लेखी हस्तांतरण केलेले नाही. आता त्यांच्याकडून हक्क लिहून घेतले, तर मागील तारखेच्या उल्लंघनावर दावा करता येईल का? ते भले गृहस्थ आहेत, सही करायला तयार आहेत. मजकुरात नेमके काय असावे, एवढेच हवे आहे.

तिसरे, अरबी नावासाठी वेगळा अर्ज करावा की इंग्रजी आणि अरबी एकाच चिन्हात घ्यावे? एकत्र घेतले तर खर्च वाचतो, पण उद्या पाकिटावर एकच लिपी वापरली तर नोंदणी कच्ची पडेल, अशी मला भीती वाटते.

आणि शेवटचे: वितरकाशी माझे संबंध तुटलेले नाहीत, या महिन्याचा माल न्हावा शेवाला पोहोचला आहे. अर्ज आमच्या नावावर हस्तांतरित करून द्या आणि बदल्यात आम्ही तुम्हाला लेखी वापरपरवाना देतो, असा प्रस्ताव आधी ठेवावा, की तो ठेवण्यात हरकतीचे तीस दिवस निघून जातील? तेथील अर्ज ज्यात प्रसिद्ध होतात त्या वृत्तपत्रिकेवर नजर कशी ठेवायची, हे कोणी सांगितले तरी फार मदत होईल. आखातात किंवा इतरत्र स्वतःचा ट्रेडमार्क नोंदवलेल्या मराठी उद्योजकांनी आणि या क्षेत्रातील वकील मंडळींनी कृपया लिहावे. काही कागद पाहायचे असल्यास व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.