ठाण्यात अ‍ॅनिमल कम्युनिकेटरचा अनुभव आहे का कुणाला? (लॅब, वय १०)

तळ्याकाठची

मंडळी, सल्ला हवाय. आमचा गोट्या, लॅब्रेडॉर, दहा पूर्ण. कोलशेत रोडला चौदाव्या मजल्यावर राहतो आम्ही. एप्रिलमध्ये सासूबाई नाशिकला मोठ्या दिरांकडे कायमच्या राहायला गेल्या आणि तेव्हापासून याचं बिनसलंय. लिफ्टपाशी आला की पाय रोवून उभा. रात्री दोन-अडीचला उठून हॉल ते किचन येरझाऱ्या. आणि मी खरी घाबरले ती परवा. सोफ्यावर त्याच्या शेजारी मुलगा धपकन बसला, तर त्याच्यावर चक्क गुरगुरला. आजवर कधी झालं नव्हतं असं.

सोसायटीतल्या मैत्रिणीने एका अ‍ॅनिमल कम्युनिकेटरचा नंबर दिलाय. त्या फोटोवरून कुत्र्याशी बोलतात. सेशनचे साडेतीन हजार. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म भरायचा, डोळे नीट दिसतील असा फोटो पाठवायचा, मग तासाभराचा कॉल. मैत्रिणीच्या बीगलबद्दल म्हणे इतकं अचूक सांगितलं की तिला रडू फुटलं. आमचे अहो म्हणतात पैसे पाण्यात. पण मला वाटतं, गोट्याच्या मनात काय चाललंय ते एकदा कुणीतरी सांगावं. ठाणे-नवी मुंबईत खात्रीचं कोणी असेल तर विपूत (माझ्या निरोपाच्या पानावर) कळवा प्लीज.

मोगरी

खारघरहून. मी घेतलाय अनुभव आणि माझा चांगला आहे. आमच्या टायगरच्या किडन्या गेल्या होत्या, सलाइनवर सलाइन चाललं होतं. कम्युनिकेटर ताईंनी सांगितलं की तो दमलाय, त्याला आता तुमच्या जवळ निवांत पडायचंय. ते ऐकून मला निर्णय घेता आला. नाहीतर मी त्याला अजून आठवडाभर सुया टोचवत बसले असते. लोक हसतात, हसू देत. तुम्हाला नंबर विपू केलाय.

पॉपकॉर्न_खारे

फोटोवरून होत असेल तर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोटो पाठवतो. पार्किंगबद्दल त्याच्या मनात नेमकं काय आहे ते काढून द्या. साडेतीन हजार वर्गणी काढून भरू.

खाडीवारा

धागाकर्तीला एक प्रश्न. त्या फॉर्ममध्ये काय काय विचारलंय?

तळ्याकाठची

नाव, वय, कधीपासून आपल्याकडे आहे, घरात कोण कोण असतं, अलीकडे घरात काही बदल झाला का, सध्या कशाची काळजी वाटते, आणि त्याला कुठले तीन प्रश्न विचारायचेत.

खाडीवारा

म्हणजे उत्तरपत्रिका तुम्हीच लिहून देणार, त्या फक्त वाचून दाखवणार. 'बदल झाला का' यापुढे 'सासूबाई नाशिकला गेल्या' असं लिहिलंत की कॉलवर गोट्या 'आजीची आठवण येते' म्हणणारच. ठरवून फसवतात असं मी म्हणत नाही हं. यातल्या बऱ्याच जणींना मनापासून वाटत असतं की आपल्याला ऐकू येतंय.

या विषयातलं जुनं प्रकरण घोड्याचं आहे. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाच्या शिक्षकाचा हान्स हा घोडा बेरजा-वजाबाक्या करायचा, उत्तर खुराने टापा मारून द्यायचा. १९०४ साली तज्ज्ञांच्या समितीने तपासलं, लबाडी काही सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था केली. झालं, हान्सचं गणित कच्चं! बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि ते बघून घोडा थांबायचा. गंमत म्हणजे हे सगळं उमगल्यावरही फुंग्स्टला स्वतःचं डोकं हलणं थोपवता येईना. इतक्या बारीक खुणा जनावर आपल्यावरून टिपतं. पण म्हणून त्याच्या डोक्यातलं गणित फोटोवरून आपल्याला कळतं असं होत नाही.

राहिलं ते रडू फुटण्याचं. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि 'हे खास तुझं' म्हणून प्रत्येकाला निष्कर्षाचा कागद दिला. किती जुळतंय, याला पोरांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. कागद सगळ्यांना एकच होता, मजकूर भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. 'त्याचा तुमच्यावर फार जीव आहे, घरातले चढे आवाज त्याला सोसत नाहीत, कधी कधी एकटं वाटतं', हे ठाण्यातल्या कुठल्या कुत्र्याला लागू पडणार नाही?

तरीही करायचंच असेल तर उपवन तलावावर सकाळी कुत्री फिरवणाऱ्यांपैकी पाच जण मिळून करा. फॉर्म कोरा, नुसते फोटो. पाचही कुत्र्यांचं मनोगत लेखी मागवा, नावं झाका आणि प्रत्येकाने आपल्या कुत्र्याचं कुठलं ते ओळखा. नुसत्या नशिबाच्या जोरावर सरासरी एक जण बरोबर येतो. पाचही बरोबर आले तर पाचही सेशनचे पैसे माझ्याकडून.

मोगरी

सगळं तराजूत घालून मोजता येत नाही. मी रडत असले की टायगर न बोलावता येऊन पायाशी बसायचा. त्याला कळत होतं, मग ते उलट्या दिशेने का होऊ नये?

खाडीवारा

त्याला कळत होतं हे मला शंभर टक्के मान्य. बुडापेस्टच्या अत्तिला अँडिक्स यांच्या गटाने तर कुत्र्यांना एमआरआय यंत्रात शांत पडून राहायला शिकवलं. माणसाच्या आवाजातला भाव टिपणारा भाग त्यांच्या मेंदूत आहे, असं त्यांना २०१४ साली दिसलं. उलट्या दिशेने मात्र आपण फार ढ आहोत. न्यूयॉर्कच्या अ‍ॅलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा २००९ चा प्रयोग बघा. मालकाला खोलीबाहेर पाठवून, मना केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही याबद्दल त्याला कधी खरं तर कधी खोटं सांगितलं. कान पाडून नजर चुकवणारा तो 'अपराधी' चेहरा खाऊ खाण्याशी जुळलाच नाही. मालक रागावला की यायचा. काहीही न खाता नुसती बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांत तर जास्तच. रोज एका घरात राहणारे मालक इथे चकतात आणि आपण फोटोवर विसंबायचं?

तुमच्या टायगरबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्या वेळी तुम्हाला धीर हवा होता, तो त्यांनी दिला. गोट्याचं तसं नाही, त्याला काय झालंय तेच अजून ठाऊक नाही.

पंजा_आणि_पट्टा

नेरूळला एका व्हेटकडे बरीच वर्षं मदतनीस आहे, त्या अनुभवावरून लिहितेय. मी डॉक्टर नाही.

ताई, तुमच्या पोस्टमधल्या तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्यावर माझ्या डोक्यात पहिलं आलं ते दुखणं. लिफ्ट थांबताना हिसका बसतो, मागचे पाय दुखत असतील तर तोल सावरायला जीव जातो. रात्रभर एका कुशीवर पडलं की सांधे आखडतात, मग उठून फिरावंसं वाटतं. आणि सोफा दाणकन हलला की कंबरेतून कळ जाते, म्हणून गुरगुर. लॅब, दहा वर्षं, त्यात वजन जास्त असेल तर हिप, कोपर आणि पाठ बघायलाच हवी. इंग्लंडात लिंकन विद्यापीठाच्या डॅनियल मिल्स यांनी २०२० मध्ये लिहिलंय की वागणूक बिघडली म्हणून त्यांच्याकडे पाठवलेल्या कुत्र्या-मांजरांत कमीत कमी तिसरा हिस्सा प्रकरणांत कुठलं तरी दुखणं निघतं, काही ठिकाणी ८० टक्क्यांच्या आसपास. आमच्याकडेही 'अचानक चिडका झालाय' म्हणून येतात आणि किडलेला दात किंवा कानातला संसर्ग घेऊन जातात.

रात्रीच्या येरझाऱ्यांचं दुसरं कारण म्हातारपणचं विसरणं असू शकतं. अमेरिकेतल्या २००१ च्या एका पाहणीत ११-१२ वर्षांच्या २८ टक्के कुत्र्यांत त्याचं किमान एक तरी लक्षण दिसलं होतं. पण कोपऱ्यात अडकून उभं राहणं, भिंतीकडे बघत बसणं, नको तिथे शू करणं असलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. तरी डॉक्टरांना विचाराच. शिवाय रक्त तपासून घ्या, पावसाळ्यात आपल्याकडे टिक फीव्हरचा (गोचिडांमुळे येणाऱ्या तापाचा) नेम नसतो.

डॉक्टरांकडे जाण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ काढा: झोपेतून उठताना, जिना चढताना आणि मागून चालताना. दवाखान्यात घाबरून ही मंडळी धडधाकट असल्याचा आव आणतात, मग डॉक्टर काय बघणार! घरातली ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम चुकूनही देऊ नका, कुत्र्याचं पोट आणि किडनी दोन्ही जातात त्याने. मुलाला सांगा, गुरगुरल्यावर ओरडायचं नाही, उठून लांब व्हायचं. गुरगुरणं बंद केलंत तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल.

आणि एक विचारायचं होतं. सासूबाई असताना घरात काय वेगळं होतं? फिरायला कोण न्यायचं, फरशीवर काय असायचं?

तळ्याकाठची

बापरे. फरशीचं वाचून चमकले. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, पाय घसरू नये म्हणून त्यांनी हॉलभर सतरंज्या घातलेल्या असायच्या. त्या गेल्यावर आम्ही त्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या. आता सगळीकडे गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स. दुपारी खाली त्याच न्यायच्या, अगदी सावकाश, बाकापर्यंत जाऊन परत. आता ऑफिसला पळायच्या आत अहो त्याला दामटवत आणतात.

पंजा_आणि_पट्टा

सतरंज्या आजच काढा. खाली रबराची जाळी घाला नाहीतर सतरंजीच सरकेल. पंज्यांमधले केस आणि नखं कापून घ्या, तेवढ्यानेही पकड सुधारते. एक्स-रे मात्र टाळू नका.

उपवनकर

सल्ला धागा आहे म्हणून नावं देतो. आधी तुमचा नेहमीचा व्हेट. त्यांच्याकडे डिजिटल एक्स-रे नसेल तर परळचं बैलघोडा (प्राण्यांचं जुनं हॉस्पिटल) आहेच, ते चालवणारी संस्था १८७४ ची. गर्दी असते, सकाळी लवकर जा. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालंय, तिथे आधी वेळ घ्या.

दुखणं निघालं नाही तरच वागणुकीच्या तज्ज्ञाकडे. आणि तिथेही जपून. कम्युनिकेटर टाळायचा म्हणून 'तुम्ही अल्फा, म्हणजे कळपाचे म्होरके, बना, त्याला खाली पाडून धरा' म्हणणारा ट्रेनर गाठू नका. तोही मनकवडाच, फक्त हातात गळा आवळणारी चोक चेन. अल्फा लांडग्याची कल्पना ज्यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे घरोघरी पोचली, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. नेमण्याआधी विचारा: आधी व्हेटचा रिपोर्ट बघता का, आणि कुत्र्याने चूक केली की काय करता? पहिल्याला 'गरज नाही' आणि दुसऱ्याला 'झटका देतो' असं उत्तर आलं की चहा पिऊन निघायचं.

औषधाच्या बाबतीत तर एकच. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने उपचार हे नोंदणी असलेल्या पशुवैद्याचं काम आहे. फोटोवरून कोणी 'गोळ्या थांबवा, त्याला नको आहेत' म्हणालं तर तिथेच फोन ठेवा.

मोगरी

हे मलाही पटलं. माझ्या ताईंनी औषध बंद करा असं कधीच सांगितलं नव्हतं, तेवढं नोंदवते. आधी एक्स-रे करून घ्या.

तळ्याकाठची

सगळ्यांचे आभार. सतरंज्या काढल्या. नेहमीच्या डॉक्टरांनी व्हिडिओ बघूनच डावा मागचा पाय टाकताना कचरतोय म्हणाले, शनिवारी एक्स-रेला बोलावलंय. कम्युनिकेटरचं तूर्त लांबणीवर, मैत्रिणीला अजून सांगितलेलं नाही. आता प्रश्न एवढाच की छत्तीस किलोचा हा बाप्या लिफ्टमध्ये शिरत नाही, तर चौदा मजले खाली आणू कसा?

पंजा_आणि_पट्टा

आंघोळीचा जाड पंचा पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढून घ्या आणि दोन्ही टोकं वर धरा. मागचं वजन तुम्ही पेलायचं, पुढून तो चालेल. लिफ्टच्या तळाला योगा मॅट टाका, आधी अहोंनी आत शिरून त्याला बोलवायचं. गर्दी नसताना. आणि एक्स-रेसाठी भूल देणार असतील तर किती तास उपाशी ठेवायचं ते फोन करून विचारा.

तळ्याकाठची

विचारलं. रात्री दहानंतर काहीही नाही, असं सांगितलंय. लॅबला! सकाळी सगळ्यांची पोहे खायची वेळ असते ती.

पॉपकॉर्न_खारे

शनिवारी सकाळी त्याच्या मनात काय चाललं असेल ते मी फोटो न बघता सांगतो. फी नको, पोहे चालतील.