हेलिकॉप्टरच्या आधी स्ट्रेचर

उंच डोंगरावरच्या लढाईत जखमींना खाली कसं आणायचं, या चर्चेत सगळ्यांनी ‘तासाभरात हेलिकॉप्टर’ हाच हिशेब धरलाय. कारगिलसारख्या उंचीवर तो कोलमडतो. १९९९ च्या युद्धात तोलोलिंग शिखराच्या उघड्या उतारावर दिवसा हालचाल म्हणजे वरून थेट मारा. जखमीला खाली आणायला बहुधा अंधार पडेपर्यंत थांबावं लागणार. शिवाय ५,००० मीटरच्या वर विरळ हवेत लष्कराचं हलकं ‘चीता’ हेलिकॉप्टर जेमतेम एखादा जखमी उचलतं, तेही इंधन मोजून भरलं तर.

म्हणून आराखडा स्ट्रेचरपासून मांडा. सपाटीवर चौघे पुरतात. डोंगरात सहा ते आठ, आणि तेवढेच बदलीला. म्हणजे दोन जखमींमागे जवळपास अख्खी प्लाटून, तीसेक जवानांची तुकडी! ही माणसं ऐनवेळी हल्ल्याच्या तुकडीतून काढली की हल्लाच थंडावतो, तेव्हा आधीच वेगळी नेमा.

टूर्निकेट (रक्तस्राव थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा) जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ कपाळावर मार्करने. दोन तासांनंतर अवयवाला धोका वाढतो, तरी वाटेत सैल करून ‘बघू’ नये. थंडी मात्र हमखास विसरली जाते. अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही, म्हणून अंगाखालीही जाड थर हवा. सलाइनची पिशवी वाहणाऱ्याच्या जॅकेटच्या आत, नाहीतर नळीच गोठते.