पुस्तक कुठे मिळेल विचारलंत म्हणून

वर दोघातिघांनी विचारलंय की माझी कादंबरी ऑनलाइनच घ्यायची का, आणि एका ताईंनी विचारलंय विषय नक्की काय. आधी विषय सांगते. गोव्यात डिचोलीकडच्या लोहखनिजाच्या खाणपट्ट्यातल्या एका घराची गोष्ट आहे. 2012 ला खाणी थांबल्या, मग परत सुरू झाल्या आणि 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींच्या 88 लीज, म्हणजे भाडेपट्टे, रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा बंद झाल्या, तेव्हा खनिज वाहायला कर्ज काढून घेतलेला ट्रक दारात उभा राहिला की घरातली माणसं एकमेकांशी कशी बोलायला लागतात, ते मला लिहायचं होतं. खाण चांगली की वाईट हा निकाल मी दिलेला नाही, शेतात उतरलेला लाल चिखलही त्यात आहे आणि बँकेचा हप्ताही.

घ्यायचं तर जमल्यास आपल्या ओळखीच्या दुकानातच मागा, चारजणांनी विचारलं की दुकानदार स्वतःहून प्रती मागवतो, नवीन लेखकाला त्याचा फार आधार होतो. परवडत नसेल तर अजिबात संकोच नको, पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत मागणी नोंदवा. कायद्याने कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला एक प्रत पाठवायची असते, त्या पाकिटावरचा पत्ता मी हट्टाने स्वतः लिहिला आणि लिहिताना हात थरथरत होता, खरंच सांगते.

एक विनंती, मांडवी नदीतल्या बार्जवर, म्हणजे खनिज वाहून नेणाऱ्या बोटीवर, कोणी काम केलं असेल तर कादंबरीतलं बार्जचं प्रकरण जरूर वाचा आणि चुकलं असेल तिथे स्पष्ट सांगा, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करीन.