अतिरेक्यांशी बोलणी करून कधी काही साध्य झालंय का?

वाटसरू: माझे काका २६/११ ला सीएसटीवर होते, वाचले, पण अजून दिवाळीत फटाका वाजला की दचकतात. त्यामुळे 'अतिरेक्यांशी चर्चा' ऐकलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. पण उत्तर आयर्लंडात बोलण्यांनीच थांबलं म्हणतात. मग आपल्याकडे का नाही? खरंच समजून घ्यायचंय.

बेलफास्टकर: मी नऊ वर्षं इथे आहे. इथल्या तीस वर्षांच्या हिंसेत साडेतीन हजारच्या आसपास माणसं गेली. १९७१ ला खटला न चालवता लोकांना आत टाकायला लागले तर हिंसा उलट भडकली. शेवटी सैन्याने आयआरए (ब्रिटिशांना हटवून आयर्लंड एक करू पाहणारी सशस्त्र संघटना) संपत नाही आणि बॉम्बने ब्रिटिश जात नाहीत हे दोघांनाही कळून चुकलं, मगच बोलणी पुढे सरकली. अट कडक होती, हिंसा सोडली तरच बोलण्यांत जागा. १९९६ ला लंडनमध्ये बॉम्ब फुटला तर आयआरएच्या जवळच्या शिन फेन पक्षाला बाहेर ठेवलं, पुन्हा शस्त्रसंधी झाल्यावरच घेतलं. १९९८ ला करार झाला पण हत्यारं नष्ट व्हायला २००५ उजाडलं. आणि किंमत? कैदी दोन वर्षांत सुटले. माझ्या ऑफिसातल्या एका बाईंचा भाऊ मारला गेला होता, त्यांनी करारावरच्या सार्वमतात 'हो' म्हटलं, पण अजून त्या एका गल्लीतून जात नाहीत. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या भिंतीही अजून आहेत, काहींची फाटकं रात्री बंद होतात.

सदानंद: लांब कशाला, मिझोरम बघा ना. १९६६ ला बंड झालं, आपल्याच विमानांनी ऐझॉलवर बॉम्ब टाकले. वीस वर्षांनी १९८६ ला करार झाला आणि बंडाचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले, १९८७ ला राज्य मिळालं. वेगळ्या देशाची मागणी राज्यावर येऊन मिटू शकली कारण मागणारे तिथलेच होते, त्यांना तिथेच राहायचं होतं. लष्कर-ए-तय्यबाचं तसं नाही, पोरांना फोनवरून हुकूम देणारे सीमेपलीकडे बसलेले. त्यांना काय देणार? तिथे पैशाची नाडी आवळावी लागते, पाकिस्तान २०१८ ते २०२२ एफएटीएफच्या (अतिरेक्यांना जाणाऱ्या पैशावर लक्ष ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) ग्रे लिस्टवर, म्हणजे देखरेखीच्या यादीत होता तसं. माझ्या मते चूक इथेच होते, सगळ्यांना एकच औषध द्यायला बघतो आपण.

वाटसरू: पटतंय, सदानंदजी. बेलफास्टकर, त्या बाईंनी 'हो' का म्हटलं, विचारलंत कधी?

बेलफास्टकर: विचारलं. म्हणाल्या, मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता.