माशांच्या टँकमधली घट आरओच्या पाण्याने आपोआप भरायची, की तांब्याने?

कृष्णाकाठ_विश्रामबाग
तीन फुटी टँक आहे, आत १४० लिटर पाणी. रोपं आणि कार्डिनल टेट्रा मासे. वर झाकण नाही. एप्रिलमध्ये वर पंखा लावला की दिवसाला अर्धा सेंटिमीटर पाणी उडतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण या टँकला ते पावणेदोन लिटर होतं.

माझं मत: ही घट बोअरच्या पाण्याने भरू नये, आरओच्याच भरावी, आणि ते काम माणसावर सोडू नये. गुऱ्हाळात काहिलीतला रस आटतो तेव्हा गोडी उडून जात नाही, तसंच हे. पाणी जातं, क्षार मागे राहतात. आमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, ८०० मिलिग्रॅम. आठवड्याला बारा लिटर ओतलं की साडेनऊ ग्रॅमवर क्षार टँकमध्ये जातात, म्हणजे टीडीएस सत्तरेकने वर. महिनाभर असं केलंत तर काय होईल ते बघा.

तांब्यावाला
महिनाभर पाणीच बदलायचं नाही, असं कोण करतं? मी दर रविवारी पाव टँक बदलतो. मग क्षार चढतच जात नाहीत, एका जागी थांबतात. तुमचेच आकडे घेतो. ८०० च्या पाण्याने घट भरली आणि पाव टँकही त्याच पाण्याने बदलला, तरी गाडी १०१० ते १०८० च्या मध्ये अडते. माझे गप्पी आणि मॉली त्यात पिल्लं घालतायत. त्यांना जडच पाणी मानवतं. चोचले आहेत हे सगळे.

कृष्णाकाठ_विश्रामबाग
गणित बरोबर आहे, मान्य. पण ते मॉलीवाल्याचं गणित झालं. टेट्रा ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातला मासा. त्याच्यासाठी मी बदलायचं पाणी तीन भाग आरओ, एक भाग बोअर असं २०० चं करतो. आता घट बोअरने भरली तर तुमच्याच हिशोबाने पाणी बदलल्यावरसुद्धा ४१० राहतात. दुप्पट! मग ते २०० चं पाणी बनवायची मेहनत कशासाठी केली?

मिरजेची_मावशी
आरओच्या पाण्यात मासे मरतात असं आमच्या दुकानदाराने सांगितलंय. त्यात मिनरल नसतात म्हणे.

कृष्णाकाठ_विश्रामबाग
मावशी, अख्खा टँक नुसत्या आरओने भरला तर त्यांचं म्हणणं खरं. पीएच सावरून धरणारा क्षारच उरत नाही. पण घट भरताना मिनरल टँकमध्येच आहेत, ते कुठे उडाले? उलट बाहेरून घालूच नयेत. फक्त घरच्या आरओला टीडीएस कंट्रोलर असेल तर तो थोडं कच्चं पाणी मिसळतो. मीटर लावून बघा.

जतकर
एक लिटर आरओमागे तीन लिटर वेस्ट. तुमच्या बारा लिटरपायी आठवड्याला छत्तीस लिटर मोरीत. आमच्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, आणि इथं माशांना फिल्टर पाणी. राग येऊ देऊ नका, पण पटत नाही.

कृष्णाकाठ_विश्रामबाग
राग कसला. वेस्ट मी बादलीत धरतो, फरशी आणि संडासाला वापरतो. कुंड्यांना मात्र घालत नाही. ८०० चं पाणी आत गेलं की वेस्ट हजाराच्या वर येतं, आणि वाळव्याकडची क्षारपड रानं बघितलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. पावसाळ्यात पहिले दोन-तीन पाऊस सोडून गच्चीचं पाणी धरलं तर आरओ बंदच ठेवता येतो.

तांब्यावाला
बरं, आरओ मानलं. ऑटोमॅटिक कशाला? रोज सकाळी दोन तांबे ओता की. ओतताना मासे दिसतात, कोण आजारी आहे ते कळतं. यंत्र लावलं की माणूस टँककडे बघायचं सोडतो.

फ्लोटने_बुडवलेला
आता माझं ऐका. मी हौसेने आरओची लाइन थेट टँकमध्ये नेली, टोकाला कूलरचा फ्लोट व्हॉल्व्ह. मिरजेला लग्नाला गेलो. फ्लोटवर गोगलगाय चढून बसली, फ्लोट वर येईना, पाणी थांबेना. परत आलो तर हॉलमध्ये घोटाभर पाणी आणि दारात खालचे काका. सांगलीकराला घरात पाणी नवीन नाही, २००५, २०१९, २०२१ बघितलेत, पण पुराचा निदान इशारा तरी येतो.

आणि थेट लाइनचा दुसरा तोटा कुणी सांगत नाही. आरओ थोडा थोडा वेळ चालू-बंद झाला की मेंब्रेनमधून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, दर वेळी सुरुवातीचं पाणी जास्त टीडीएसचं येतं. घट भरायला नेमकं तेच टँकमध्ये जातं.

आता वीस लिटरची बादली, त्यात १२ व्होल्टचा छोटा पंप, टँकला पाण्याच्या पातळीवर पंप चालू-बंद करणारे दोन फ्लोट स्विच, एक वर, एक खाली, वायर एकापुढे एक. एक अडकला तरी दुसरा पंप बंद करतो. दोन्ही अडकले तरी बादलीत आहे तेवढंच पाणी येणार. पाइपचं तोंड पाण्याच्या वर ठेवलंय, नाहीतर पंप थांबल्यावर टँकचं पाणी सायफनने उलटं बादलीत येतं. बादली आठवड्यातून एकदा हाताने भरतो, आरओ पहिली दोन मिनिटं मोरीत सोडून.

कृष्णाकाठ_विश्रामबाग
हेच. थेट लाइन नकोच, हे मी आधी लिहायला हवं होतं. समुद्री टँकवाल्यांना तर इलाजच नाही. लिटरला ३५ ग्रॅम मीठ, एक दिवस घट भरली नाही तरी खारटपणा हलतो.

तांब्यावाला
म्हणजे शेवटी बादली हातानेच भरायची! मग माझा तांब्या काय वाईट? गावाला जाताना मी टँकवर काच ठेवतो, पाणी उडतच नाही.

कृष्णाकाठ_विश्रामबाग
उडत नाही, म्हणून गारही होत नाही. एप्रिलमध्ये काच ठेवून चार दिवस गावाला जाऊन बघा.

तांब्यावाला
एप्रिलमध्ये मी जातच नाही. यात्रा फेब्रुवारीत असते आमची.

मिरजेची_मावशी
बादलीऐवजी पाण्याचा जार चालेल का? घरात दोन रिकामे पडलेत.

फ्लोटने_बुडवलेला
चालेल की. पाइपपुरती जागा सोडून तोंड झाका, नाहीतर डासाच्या अळ्या होतात. झाल्याच तर टेट्रांना घाला, उड्या मारून खातात.